पुण्याचं स्थळ

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

या वहीची माफी मागतो. शेवटची नोंद जूनमधली आहे आणि तिच्यात एकच वाक्य आहे: 'उद्यापासून रोज लिहायचं.' नंतर कोरी पानं. कारणं देता येतील, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही आणि ती कारणं खोटी आहेत हे मला माहीत आहे. (वहीची माफी म्हणजे स्वतःचीच माफी. ती मी फार लवकर देतो. यावर कधीतरी विचार करायला हवा.)

पुन्हा लिहायला घेतलं कारण ऑफिसात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय गेम थिअरी. आमच्या महाप्याच्या ऑफिसात पर्चेसवाल्या सगळ्यांना सक्तीचं होतं. बाकीचे मागे बसून मोबाइल बघत होते. मी पहिल्या रांगेत. समोरचा काय करेल याचा अंदाज घेऊन मग आपण काय करायचं ते ठरवायचं, एवढंच. एवढी साधी गोष्ट मला सेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितली नाही. दुकानदाराने 'आवडली ना?' विचारलं की मी 'खूप' म्हणतो आणि मग भाव विचारतो. हे माझं आजवरचं आयुष्य.

संकल्प: यापुढे आपले पत्ते आधी उघडायचे नाहीत.

आज लगेच प्रयोग केला. मासळी बाजारात चंदाबायकडे चांगला जिताडा होता. मी भाव ऐकला, मान हलवली आणि निघालो. उठून जाण्याची तयारी दाखवली की समोरचा नमतो, असं ट्रेनिंगमध्ये होतं. हळू चाललो. हाक आली नाही. कोथिंबिरीपाशी थांबून पुन्हा ऐकलं. मागून चंदाबाय एवढंच म्हणाली, "जा दादा, जा. वाट मोकली हाय."

घरी बायकोला, क्रांतीला सांगितलं की मासे ताजे नव्हते. मासे ताजे होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घरात प्रयोग. सकाळी दूध आणायला नेहमी मी जातो. का? आज डोळे मिटून पडून राहिलो. आधी उठेल तो जाईल. क्रांतीही पडून राहिली. तिला गेम थिअरी माहीत नाही, तरी उत्तम खेळते. दोघांनी कोरा चहा घेतला. तिला शाळेत उशीर झाला, मला ऑफिसात. निकाल: बरोबरी.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज ऐरोलीला ताईकडे बघण्याचा कार्यक्रम. आमची संघू, म्हणजे संघप्रिया, ताईची एकुलती एक. वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. मुलगा सुगत, तळोज्याला इंजिनिअर. आईवडील कळंबोलीला असतात. वडील अंकुशराव, रिटायर, शांत. आई पुतळाबाई, शांत नाहीत.

ताईने पोहे न करता घावणे केले होते. त्यावरून पुतळाबाई एकदम खुलल्या आणि क्रांतीला आपलं माहेर, वाडी, कोणाची पोरगी कुठे दिलीय, असं बरंच सांगत बसल्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी अंकुशरावांच्या चेहऱ्याचा अभ्यास करत होतो. त्यांना घावणे आवडले, यापलीकडे काही हाती लागलं नाही.

मुलगा-मुलगी गच्चीवर बोलायला गेले. बराच वेळ झाला म्हणून मला बोलवायला पाठवलं. दोघं पाण्याच्या टाकीला टेकून हसत होते. मला बघून गप्प झाले. मी वळलो तसे पुन्हा हसले. मला हसले का? शक्य आहे. पण ते गौण.

निघताना पुतळाबाई म्हणाल्या, नोकरी सोडायची नाही हं पोरी, आमच्याकडे डब्याला कोणी तुझी वाट बघत नाही, डबा आमचे हेच करतात. अंकुशरावांनी मान डोलावली. आम्ही मागायच्या आधीच त्यांनी देऊन टाकलं! सुरुवातीलाच एवढं देणाऱ्याकडे आणखी बरंच असतं. हेही ट्रेनिंगमध्ये होतं.

ते म्हणाले, कळवतो. आम्ही म्हणालो, कळवतो.

ते गेल्यावर ताई म्हणाली, कमळू, पुढचं बोलणं तुझ्याकडे, तुझे भावोजी फोनवर ओरडतात, समोरच्याला भांडण वाटतं. संघू बशा उचलता उचलता म्हणाली, मामा, मला पसंत आहे, उद्याच हो सांगून टाक.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगी भोळी आहे. उद्याच हो म्हणजे सगळे पत्ते टेबलावर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

फोन केला नाही. त्यांचाही नाही. दोघंही थांबलेत, म्हणजे दोघंही खेळतायत. आधी फोन करेल त्याची गरज जास्त, आणि लग्नानंतर आयुष्यभर त्याचीच गरज जास्त.

कागदावर चार चौकोन काढले. आम्ही आधी फोन करतो, ते आधी करतात, दोघं एकदम करतात, कोणीच करत नाही. पहिल्या तीन चौकोनांत लग्न होतं. चौथा चौकोन मी जरा फिकट काढला.

क्रांती मागून बघत होती. म्हणाली, फुली-गोळा एकटेच खेळताय?

संध्याकाळी संघूचा फोन. सुगतचा नंबर देतोस का, म्हणे. त्या दिवशी मागायला तिला संकोच वाटला. बायोडेटा माझ्याकडे, नंबर माझ्याकडे. म्हटलं, आत्ता नको, आपल्या बाजूने मेसेज गेला की पत्ते उघडे पडतात. ती म्हणाली, कसले पत्ते, मामा? म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव. म्हणाली, ठेवलाय म्हणून तर तुला विचारतेय. नाहीतर इन्स्टावर शोधला नसता?

हे वाक्य सारखं आठवतंय. का ते कळत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

त्यांचा फोन आला! त्यांचा आधी!

तपशीलवार लिहितो, पुढे उपयोगी पडेल. अंकुशराव म्हणाले, जय भीम. मी म्हटलं, जय भीम. म्हणाले, काय ठरलं मग तुमच्याकडे? आमचं पोरगं रोज विचारतंय, आणि हिने तर ओळखीपाळखीत सांगायला सुरुवात केलीय, तिला कसं आवरू? आणि हसले. संपूर्ण शरणागती. असा समोरचा आयुष्यात एकदाच मिळतो.

अशा वेळी पर्याय दाखवायचा. आपल्याकडे दुसराही मार्ग आहे हे समोरच्याला कळलं की तो घाई करतो, आणखी सवलती देतो. मी शांतपणे म्हणालो, तसं आम्हालाही वाईट नाही वाटत, पण पुण्याचं एक स्थळ आलंय मध्ये, सॉफ्टवेअरमध्ये आहे मुलगा, तेव्हा जरा विचार चाललाय.

मग अंकुशराव म्हणाले, बरं, बरं. गाव कुठलं त्यांचं?

याची तयारी नव्हती. पगार विचारतील, वय विचारतील, कंपनी विचारतील, सगळं तयार होतं. आपल्यात पहिला प्रश्न गाव कुठलं हाच असतो, हे मला कसं सुचलं नाही? पण मी अडखळलो नाही. तोंडातून आपोआप आलं, निवेकोंड. हे नाव कुठून आलं कुणास ठाऊक. पण अगदी खरं वाटलं. मलासुद्धा.

अंकुशराव म्हणाले, हो का. आणि, ठेवतो मग.

उत्तम. आता चेंडू त्यांच्याकडे.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी विहारात वंदना. पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी, जिथे खोटं बोलणार नाही म्हणतो तिथे, मला खोकला आला. मागच्या बाईंनी पाणी पुढे केलं.

काल मी खोटं बोललो का? स्वच्छ विचार करू. पुण्यात सॉफ्टवेअरमधली लग्नाची मुलं पुष्कळ आहेत. त्यांतलं एखादं स्थळ संघूला येऊ शकतं. म्हणजे जे अजून आलेलं नाही, ते आलं म्हणालो. फरक फक्त वेळेचा.

वरचा परिच्छेद वाचून लाज वाटली. खोडणार होतो. पण खोडला तर ते आणखी एक खोटं होईल. राहू दे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अंकुशरावांचा मेसेज: 'जय भीम. संघप्रियाला चांगले स्थळ आले, आनंद झाला. आमच्यामुळे अडचण नको. मुलीला मंगल कामना.'

दहा वेळा वाचला. अतिशय हुशार चाल. मी उठून जाण्याची तयारी दाखवली, तर हेही उठले! म्हणजे मी हाक मारतो का ते बघतायत. मारणार नाही. निदान आठवडाभर नाही.

ताईने विचारलं, काही निरोप? म्हटलं, अजून नाही. तिला मेसेजबद्दल सांगितलं असतं तर ती घाबरून लगेच फोन करायला लावणार. तिच्या भल्यासाठी.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज बसमध्ये सहज मनात आलं, पुण्याच्या मुलात तसे दोष बरेच आहेत. सारखा लॅपटॉप. आईच्या शब्दाबाहेर नाही. संघूला तो मुळीच आवडला नसता.

त्याला मनातल्या मनात नकार दिला आणि बरं वाटलं. मग आठवलं की तो नाहीच.

रविवार, २३ नोव्हेंबर

त्यांच्याकडून काही नाही. हाक यायला हवी होती.

मासळी बाजारात गेलो. चंदाबायकडे आज जिताडा नव्हता. म्हटलं, त्या दिवशी होता ना? ती म्हणाली, "तवा होता. तू गेलास ना मानेला झटका देऊन. म्हावऱ्याला काय म्हाईत, दादा परत येनार हाय?" शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो. घरी येताना हसू गेलं.

संध्याकाळी ताईकडे. संघूने मला काहीच विचारलं नाही. पहिल्यांदाच. जेवताना भावोजी म्हणाले, त्या कळंबोलीवाल्यांना पसंत नसेल, सोडा. संघू पानातल्या भातात बोट फिरवत म्हणाली, मग त्या दिवशी इतका हसला कशाला? आणि उठून हात धुवायला गेली. पान तसंच.

मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताईने वाढायला पळी पुढे केली. आमटी घेतली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

क्रांतीला सगळं सांगितलं. चौकोन दाखवले, मेसेज दाखवला, चौथा चौकोन का फिकट आहे तेही सांगितलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून एकच विचारलं, पुण्याच्या मुलाचं नाव काय?

म्हटलं, नाव ठेवलं नव्हतं.

म्हणाली, अरेरे. बारसं राहिलं बिचाऱ्याचं.

मग म्हणाली, संघू तुमच्या अंगाखांद्यावर वाढली. तिने तुम्हाला एक शब्द पोचवायला सांगितला होता, हो. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. ते पोचवायला तुम्हाला कोर्स लागला. सात तारखेच्या रविवारपर्यंत तुम्ही स्वतः जाऊन त्यांना खरं सांगा. नाहीतर मी जाते.

मी म्हटलं, उद्याच जातो. उद्या शनिवार, त्यांना आराम हवा असेल. रविवारी वंदना. सहा तारीख जवळ आली, सगळे तयारीत असतील, अशा वेळी असली गोष्ट काढणं बरं दिसत नाही. सहानंतर सवडीने. ही पळवाट नाही. योग्य वेळ हासुद्धा डावाचा भाग असतो.

('डाव' हा शब्द पुन्हा आला. सवय मोडायला हवी.)

शुक्रवार, ५ डिसेंबर

कसं लिहू.

उद्या चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी पुरीभाजीची पाकिटं करायला आजूबाजूच्या सगळ्या विहारांचे लोक नेरूळला एका हॉलमध्ये जमले होते. दरवर्षी असतं. मी ऑफिसातून तिकडेच गेलो. एका ताईंनी मला कणकेच्या परातीपाशी बसवलं, गोळे करायला. हात कोपरापर्यंत कणकेत गेले तेव्हा समोर पाहिलं. पोळपाटावर पुतळाबाई.

उठता येईना. हात कणकेत.

त्या म्हणाल्या, जय भीम. गोळे लहान करा, पुरी करायचीय, भाकरी नाही. मी लहान केले. पुरी लाटता लाटता म्हणाल्या, पुण्याचं कुठवर आलं? म्हटलं, चाललंय. म्हणाल्या, निवेकोंडचे म्हणालात ना ते? म्हटलं, हो.

त्यांनी लाटणं थांबवलं. म्हणाल्या, निवेकोंड माझं माहेर आहे. तुमच्या ताईच्या घरी घावणे खाताना तुमच्या मिसेसना तेच सांगत नव्हते का मी? तुम्ही शेजारीच होतात.

तेव्हा कळलं, ते नाव कुठून आलं.

म्हणाल्या, आमच्या वाडीतला पुण्याला एकच माणूस आहे, माझा धाकटा भाऊ. सॉफ्टवेअरमध्ये नाही हो, बस चालवतो. पोरगी दहावीला आहे त्याची. तुमच्या भाचीला तो दाखवायचा म्हणता का? विचारू त्याच्या बायकोला?

बाकीच्या पोळपाटांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीची पुरी फाटली. मी गोळे करत राहिलो.

इथपर्यंत मी समजू शकत होतो. खोटं पकडलं गेलं, ते रागावले, म्हणून मागे सरले. पण पुतळाबाई रागाने बोलत नव्हत्या, तेच अवघड होतं. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, त्याच संध्याकाळी कळलं होतं आम्हाला. मी म्हटलं, फोन लावा, विचारा असं का बोलले. तर हे म्हणाले, नको. मुलीला पसंत नसणार. तोंडावर नाही म्हणायला जड जातं माणसाला, मग दुसरं स्थळ आलं म्हणतात. सगळेच म्हणतात. आपणच मागे होऊ, त्यांना सोपं जाईल. तो मंगल कामनेचा मेसेज चष्मा शोधून स्वतः टाइप केला त्यांनी.

दुसरं स्थळ आलंय. हे मी स्वतः किती लग्नांत ऐकलंय! थोरल्या चुलतबहिणीच्या वेळी आम्हीच बोललो होतो. त्याचा अर्थ एकच असतो, आणि तो आख्ख्या समाजाला माहीत आहे. मला सोडून. मी त्याचा अर्थ ट्रेनिंगमधून लावला. (आपला इशारा समोरचा कसा वाचेल, हा भाग तिथेही शिकवला होता. तो तास जेवणानंतरचा होता. मला डुलकी लागली होती.)

पुतळाबाई म्हणाल्या, सुगतच्या डोक्यातून मात्र जाईना. म्हणे, आई, गच्चीवर तर हसत होती. म्हटलं, बाबा, हसण्याचं काय, माणूस ओशाळूनही हसतो. असू दे. परवा रविवारी पनवेलला जातोय मुलगी बघायला.

मी म्हणालो, तसं नव्हतं हो.

म्हणाल्या, मग कसं होतं?

सगळी लाटणी थांबली. मी सुरुवात केली, समजा, दोन खेळाडू आहेत...

पुतळाबाई म्हणाल्या, गोळे संपले. गोळे करा.

एवढंच म्हणायचं होतं: संघूला पसंत आहे. तीन शब्द. पण इतक्या बायकांसमोर भाचीचं नाव कसं घ्यायचं, असं वाटलं. हे कारण खरं आहे की सोयीचं, ते ठरवता येत नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

आज रांगेत होतो. आज इथे काही लिहिण्याची माझी लायकी नाही.

रविवार, ७ डिसेंबर, सकाळी

निघतोय. ते पनवेलला निघायच्या आत पोचायचं. वाक्य पाठ केलंय: 'चूक माझी. संघूने पहिल्याच दिवशी हो म्हटलं होतं.' चौकोन नाही, पत्ते नाहीत. क्रांतीने दारात माझी कॉलर सरळ केली.

दुपारी, कळंबोली

वही बरोबर आणली आहे. ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. इथून त्यांची बिल्डिंग दिसते.

वेळेत पोचलो होतो. ते खाली उतरतच होते. सुगतला इस्त्रीचा आकाशी शर्ट. अंकुशराव रिक्षावाल्याला सांगत होते, हळू घे बाबा, हिची कंबर धरते. दहा पावलांवर होतो. 'अंकुशराव' अशी हाक मारायची फक्त.

एका ट्रेलरच्या मागे उभा राहिलो. रिक्षा गेली.

पण शांतपणे विचार केला तर हे बरंच झालं. पनवेलच्यांनी नकार दिला, किंवा ह्यांनाच मुलगी आवडली नाही, तर संध्याकाळी त्यांचं मन मोकळं असेल आणि मला फक्त आनंदाची बातमी द्यायची राहील. कबुलीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग वाचेल. आणि पहिल्या भेटीत कोण ठरवतं? लोक 'कळवतो' म्हणतात. म्हणजे थांबण्यात तोटा काही नाही.

खाली दोन चौकोन काढले होते. पनवेल नाही. पनवेल हो. दुसऱ्यात काय लिहायचं ते सुचेना. टपरीवाला म्हणाला, साहेब, चहा गार झाला, दुसरा देऊ?

संध्याकाळी, घरी

ते पाचच्या सुमाराला परतले. रिक्षातून आधी पुतळाबाई उतरल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स.

सुगतनेच मला पाहिलं. अरे, तुम्ही? अंकुशराव जवळ आले, म्हणाले, कसे काय इकडे? म्हटलं, स्टील मार्केटला जरा काम होतं. म्हणाले, रविवारी बंद असतं ते. मग मलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून लगेच म्हणाले, पण कधीकधी एखादं गोदाम उघडं ठेवतात. पुन्हा माझ्यासाठी त्यांनीच सोपं करून दिलं.

आणि स्वतःच सांगू लागले. मुलगी चांगली आहे, शिक्षिका आहे. गेल्या वेळी आम्ही 'कळवतो' म्हणून घरी येऊन बसलो, तिथे चुकलं आमचं. सरळ विचारायला हवं होतं. म्हणून या वेळी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आमच्याकडून हो. त्यांनीही लगेच हो म्हटलं. दोन मिनिटांचं काम होतं हो!

म्हणजे त्या लोकांनी मागच्या खेपेवरून धडा घेतला. मी घ्यायला हवा होता तो.

पुतळाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, पुण्याचं काही नव्हतं. म्हणाल्या, माहीत आहे. म्हटलं, माझी चूक झाली. अंकुशराव म्हणाले, जाऊ द्या हो, मुलीचं मन नव्हतं, त्यात चूक कसली.

इथे मी बोलायला हवं होतं. की नको होतं? पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं. पण आता पनवेलला एक मुलगी होती, तिला आज संध्याकाळी हो मिळाला होता, तिच्या घरीही असाच बॉक्स फुटला असेल. सुगत म्हणाला, संघप्रियाला माझ्याकडून जय भीम सांगा, तिचंही चांगलं होऊ दे. तो खरंच मनापासून म्हणत होता. मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा पत्ते न उघडणं कदाचित बरोबर होतं. हे मी त्या पनवेलच्या मुलीसाठी केलं की पुन्हा भीतीने, याचं उत्तर मी इथे तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

सुगतने बॉक्स पुढे केला. पेढा घेतला. खाववेना, म्हणून रुमालात बांधला.

क्रांतीने रुमाल बघितला आणि तिला कळलं. मी म्हटलं, संघूला तू सांगतेस का? तुला नीट जमेल. ती म्हणाली, मी जाणार होते ती त्यांच्याकडे, तेही आज सकाळपर्यंत उपयोग होता म्हणून. संघूला तुम्हीच सांगायचं. मी तुमच्यासाठी सोपं करून देणार नाही. मग रुमालातला पेढा काढून बशीत ठेवला आणि त्यावर वाटी उपडी घातली, मुंग्या येतात म्हणून.

उद्या: संघूच्या लॅबच्या दारात, ती सुटायच्या वेळी. सगळं सांगणे.